प्रवेशाच्या वेळी या चुका टाळा: निकालानंतरची निम्मी पळापळ आधीच संपवता येते

मराठवाड्यात दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेढ्यांच्या दुकानापेक्षा सेतू केंद्रावर जास्त गर्दी असते. सर्व्हर डाउन, डोक्यावर ऊन, कुणी रेशनकार्डाची झेरॉक्स शोधतंय, कुणी तलाठ्याला फोन लावतंय, आणि ज्याचा प्रवेश आहे ते लेकरू कोपऱ्यात कसनुसं तोंड करून उभं. ८५ टक्केवाल्याच्या घरी हेच आणि ५५ टक्केवाल्याच्याही घरी हेच. म्हणजे ही घबराट मार्कांची नाही. जानेवारीत उरकायचं काम जूनवर ढकललं, आणि ठरवायचं ते घरात बसून ठरवायच्या ऐवजी लोकांच्या तोंडाकडे बघून ठरवलं, त्याची आहे.

कागद निकालानंतर काढायला घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर (घर ठरलेल्या उत्पन्न-मर्यादेत असल्याचा दाखला), जात वैधता (जात प्रमाणपत्र खरं असल्याचा पडताळणीचा दाखला) अशा पाच रांगा दोन दिवसांत लावल्या की झालं, असं लोकांना वाटतं. पण यातला एक कागद दुसऱ्यावर अडून बसलेला असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघतो. तो आणि जात प्रमाणपत्र हातात असेल तरच नॉन-क्रिमीलेअरचं काम पुढे सरकतं. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, आणि वैधता जिल्ह्याची जात पडताळणी समिती. या शेवटच्या टप्प्याला महिनेही लागू शकतात. त्यामुळे इंजिनिअरिंग, मेडिकल, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जायचं असेल तर वैधतेचा अर्ज अकरावीतच, कॉलेजचं पत्र घेऊन, करून टाकावा. बारावीची परीक्षा संपल्यावर करू म्हणणारे तिथेच अडकतात.

आपल्याकडे एक जादा अडचण आहे. पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आजोबा-पणजोबांची नोंद सापडली तरी ती अनेकदा उर्दूत किंवा मोडीत असते. ती वाचून घ्यायची, भाषांतर करून घ्यायचं, मग प्रमाणित नक्कल मिळवायची. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला त्या गावी चार खेपा होतात, कारण शाळेचं जुनं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते एकाच माणसाला माहीत असतं आणि तो रजेवर असतो. हे काम दिवाळीच्या सुट्टीतलं आहे. जूनमध्ये ते होत नाही.

कुणबी नोंदींबद्दलही एक सांगतो. हैदराबाद गॅझेटियरच्या, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी नोंदींच्या, संदर्भातला शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ ला निघाला. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आता अर्ज केला की दाखला’ असे निरोप फिरले. त्या निर्णयातही गावपातळीवरच्या समितीची चौकशी आहेच, आणि दाखला मिळाला तरी वैधता वेगळी काढावी लागते. त्यामुळे फॉर्म भरताना ज्या प्रवर्गाचा कागद खरोखर हातात आहे तोच प्रवर्ग टाका. ‘येईलच’ म्हणून टाकलेला प्रवर्ग पुढे सिद्ध झाला नाही तर मिळालेली जागाही जाऊ शकते.

नॉन-क्रिमीलेअरवर एक तारीख असते, ती कुणी वाचत नाही. मुदत ३१ मार्चला संपते. मुदत संपलेला जुना दाखला फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो आणि पडताळणी केंद्रावर तो बाद होतो. केंद्राच्या संस्थांसाठी आणि नीटच्या अखिल भारतीय १५ टक्के कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा नमुना तिथे चालत नाही. दोन्ही एकाच वेळी काढून घ्या.

बीड, परभणी, जालन्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेळापत्रकच निराळं. आई-वडील दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, येतात ते उन्हाळ्यात. सही, अंगठा, आधार, बँक पासबुक सगळं त्यांच्याबरोबर जातं. शाळेतल्या गुरुजींनी या लेकरांचे अर्ज टोळी गाव सोडायच्या आधी करवून घेतले तर फार मोठं काम होईल.

उशीर झालेलाच असेल तर? अर्जाची पोच घ्या आणि जपा. काही प्रवेशांत ठरावीक कागदांसाठी अर्जाची पावती तात्पुरती धरतात आणि मूळ कागदाला पुढची तारीख देतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ते छापलेलं असतं. दाखल्यांना २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर अपील करता येतं, आणि अपिलाचा नुसता उल्लेख केला तरी कधीकधी फाइल हलते.

तीन कागदांवर तीन नावं

आधारवर ‘ज्ञानेश्वर’, शाळेत ‘ज्ञानोबा’, बँकेत आडनाव आधी. मराठवाड्यात हे घरोघरी आहे. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. उलटं करायला गेलात तर मंडळापर्यंत जावं लागतं. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना शाळा नावांची यादी तपासायला देते, तेव्हा आईच्या नावासकट प्रत्येक अक्षर पाहा. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती शाळा सोडण्याआधी सोपी असते, नंतर अवघड. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना, तेही तेव्हाच बघा, कारण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते.

नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर

फॉर्म कॅफेत भरायला हरकत नाही. पण नंबर, ईमेल आणि पासवर्ड आपलाच हवा. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, दिवसाला पन्नास फॉर्म भरतो आणि पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवतो. मग यादीचा संदेश त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो लग्नाला गावी. तुम्हाला कळतं तेव्हा मुदत गेलेली असते. घरातला असा नंबर द्या जो डिसेंबरपर्यंत चालू राहील. रिचार्ज संपलेला नको आणि मामाचाही नको. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चुकीचा नंबर गेलाच असेल तर पोर्टलवरची मदत खिडकी किंवा जवळचं मार्गदर्शन केंद्र लगेच गाठा. पहिली यादी लागायच्या आधी हे निस्तरतं.

पसंतीक्रम लोकांना दाखवायला भरणं

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या पालकांनाही पसंतीक्रम ही भानगड कळून घ्यावीच लागते. दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. खरी मेख पहिल्या क्रमांकात आहे: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर.

यावर दोन तऱ्हांनी चुकतात. एक, पाहुण्यांना सांगायला बरं म्हणून लातूरचं मोठं कॉलेज पहिलं टाकतात. ते मिळतंही. मग आई म्हणते, पोरीला इतक्या लांब नाही ठेवणार. जिथे पाठवायची तयारी नाही ते नाव यादीत नकोच, पहिलं तर मुळीच नको. दुसरी चूक घाबरटांची. ‘वरचं मिळायचं नाही, म्हणून सोपं आधी टाकू.’ संगणक वरून खाली बघत जातो. वरचं बसलं नाही तर खालचं बघतो, आणि वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून तुमचा खालचा हक्क जात नाही. खरोखर हवं ते वर, चालेल ते मध्ये, आणि हमखास मिळेल असं एक-दोन शेवटी. मागच्या वर्षीचा कटऑफ फक्त शेवटची नावं निवडायला वापरा.

इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत हाच नियम आणखी पसरतो. २०२५-२६ मध्ये पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होत होती, दुसरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहापैकी. दर वर्षी बदल होतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका वाचायची. तिथे कॉलेज आणि शाखा मिळून एक कोड असतो. कोडमधला एक आकडा चुकला की संगणक शाखेच्या जागी भलतीच शाखा मिळते. फॉर्म कायम करण्याआधी छापील प्रत काढा, एकाने मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याने खूण करा.

थोरल्या भावाच्या वेळचा सल्ला

२०१९ ला मेडिकलला गेलेला चुलतभाऊ सांगेल की आपल्याला मराठवाड्याच्याच कॉलेजांत जागा शोधाव्या लागतात. तेव्हा ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं: ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. राज्याच्या ८५ टक्के कोट्यात आता सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी. भावाचं प्रेम खरं, माहिती शिळी.

दहावीनंतर लातूर, हे आधीच ठरवून टाकणं

इथे मी थोडं स्पष्ट बोलतो. लातूरने मराठवाड्याच्या पोरांना मोठ्या परीक्षांची हिंमत दिली, यात वाद नाही. नांदेड आणि संभाजीनगरलाही आता तशीच गर्दी आहे. पण ‘सगळे जातात’ हे जाण्याचं कारण होऊ शकत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू कॉटबेसिसवर राहणार, मेसचं जेवण जेवणार, दर आठवड्याला टेस्टचा क्रमांक बघणार. ते त्याला जमेल का, हे त्यालाच विचारा, आणि त्याच्या उत्तराला किंमत द्या. जायच्या आधी एकदा खोली बघा, मेसमध्ये जेवून या, आणि कॉलेजात प्रॅक्टिकल खरंच होतात का ते तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा. जाहिरातीच्या फलकावर ते लिहिलेलं नसतं.

क्लासच्या नादात बारावी सोडून देणं, ही याच चुकीची धाकटी बहीण. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत छान पर्सेंटाइल पडलं तरी इंजिनिअरिंगला बारावीच्या भौतिक, रसायन, गणित गटात खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीवला ४० टक्के लागतात. मेडिकलला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात ५० आणि ४०. एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, अनुसूचित जाती-जमातींना ही अट ६५ टक्क्यांची. या रेषेखाली अडकलेली पोरं दर वर्षी भेटतात, तीही हुशार.

रोख पैसे आणि मूळ कागद दुसऱ्याच्या हातात देणं

‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला मूळ दाखले देऊ नका, आगाऊ रक्कम तर नाहीच. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेल्या फीच्या वर कुणी मागत असेल तर पावती मागा, तिथेच बोलणं संपतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठी सवलत आली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. पोरीच्या शिक्षणासाठी रान विकायला काढण्याआधी एवढं तरी तपासा.

आरटीई: नकाशावरचा ठिपका

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांतल्या पहिलीच्या किंवा त्याआधीच्या वर्गाच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करताना घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं. ठिपका शेजारच्या गल्लीत पडला तरी पडताळणीत भांडण होतं. घरी उभं राहून, मोबाइलवरून ठिकाण लावा.

निकालाच्या दिवशी फोन उचलत बसणं

पहिल्या दिवशी अख्खी भावकी फोन करते. प्रत्येकाला आकडा सांगायचा आणि प्रत्येकाचं ‘अजून पाच जास्त पडायला पाहिजे होते’ ऐकायचं, हे लेकराच्या वाट्याला देऊ नका. एका मोठ्या माणसाने फोन घ्यावेत. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, त्यातही घोटाळा होतो. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्यांतल्या शंभरपैकी ८५ जणांचे गुण त्याच्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या पोराच्या टक्क्यांशी त्याची तुलना होत नाही.

नापास झालं तरी वर्ष जातंच असं नाही. पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, आणि दहावीला एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत बसता येतं. हे निकालाच्या आदल्या रात्रीच, सहज बोलता बोलता, सांगून ठेवा. पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, एकटंच बसत असेल तर ‘होईल ठीक’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात, आई-वडिलांनीही लावला तर चालतो.

यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला, असं समजणं

जागा मिळाल्याचं पत्र आलं की लोक निवांत होतात. पण दिलेल्या मुदतीत लॉगिनमध्ये संमती द्यायची, कॉलेजला प्रत्यक्ष जायचं, मूळ कागद दाखवायचे, फी भरायची, आणि कॉलेजने त्यांच्या बाजूने पोर्टलवर प्रवेश निश्चित करायचा, एवढं झाल्यावरच जागा आपली. शेवटच्या दिवशी दुपारी निघू नका. एसटी उशिरा येते, तोवर खिडकी बंद होते आणि साइटवर सगळ्यांचीच गर्दी असते. मूळ कागदांच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवूनच घर सोडा. कॉलेजमधून निघण्याआधी आपल्याच लॉगिनवर प्रवेश निश्चित झाल्याचं दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर तिथेच थांबा आणि कारकुनाला पुन्हा एकदा बघायला सांगा.