आजारपणाची रजा आणि दिव्यांग कर्मचारी: मालकांनो, या चुका टाळा

छोट्या कारखान्यांच्या ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पूर्ण बरा झालास की ये." बोलणं मायेचं असतं, पण घोळ तिथूनच सुरू होतो. पाठीच्या ऑपरेशननंतर परतलेल्या फिटरच्या फिटनेस सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी "हलके काम द्यावे" असं लिहिलेलं असतं. मालक म्हणतात, आमच्याकडे हलकं काम नसतंच. असतं हो! मालाची तपासणी, टूल रूमची नोंद, टेबलाशी बसून करायची जोडणी. "हलके" या शब्दावर अडून बसू नका. किती किलोपर्यंत उचलायचं, सलग किती वेळ उभं राहायचं आणि हे किती आठवडे पाळायचं, ते डॉक्टरांकडून नेमकं लिहून आणायला सांगा. मग त्या माणसालाच विचारा, नेमकं कुठे अडतं. बरेचदा उत्तर एका उंच स्टुलात किंवा रात्रपाळीऐवजी दिवसपाळीत सापडतं.

"चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का?" हाही नेहमीचा चुकीचा प्रश्न. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कामाच्या जागी वाजवी सोय मिळण्यासाठी नाही. तेवढं प्रमाणपत्र नसलेल्या, हाताच्या विकारामुळे लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक द्यायला हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात दिला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांसाठी आहे, हाही गैरसमजच. समान संधी धोरण खासगी कंपनीलाही करावं लागतं. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड, पुढे 50 हजार ते 5 लाख.

आता रजेचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात (हा कारखान्यांना नव्हे, दुकानं-ऑफिसांना लागू) वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, शिवाय साठवलेल्या भरपगारी रजा. मोठ्या आजारपणाला त्या पुरत नाहीत, तिथे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, कामी येते. साधारण 70 टक्के वेतन, वर्षात 91 दिवसांपर्यंत. टीबीसारख्या दीर्घ आजारांत 80 टक्के आणि मुदतही जास्त. पण दावा अडतो तो बहुधा आपल्याच ऑफिसात. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. ईएसआयच्या पोर्टलवर कामाचे दिवस कमी भरले गेले, की शिक्षा आजारी कामगाराला. दावा अडला तर दवाखान्याचे कागद उलटसुलट करण्याआधी हजेरीपट आणि वर्गणीचं भरलेलं चलन शेजारी ठेवून बघा.

रजेचा अर्ज ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. सुपरवायझरला आजाराचं नाव कळायची गरज नसते; कोणतं काम द्यायचं नाही आणि कधीपर्यंत, एवढं त्याला पुरतं. मानसिक आजारात तर हे दुप्पट सांभाळा.

आणि "आत्ता राजीनामा दे, बरा झालास की परत घेतो" हे कधीच नको. राजीनाम्याच्या कागदावर परत घेण्याबद्दल अवाक्षरही नसतं.