छंदवर्गाला महागडे इलेक्ट्रॉनिक खेळणे द्यावे का, आणि द्यायचे ठरलेच तर

शाळा सुटल्यानंतरचा छंदवर्ग, शनिवारचा रोबोटिक्सचा वर्ग किंवा मे महिन्यातले शिबिर सुरू झाले की पहिली-दुसरीतले मूल एखाद्या दिवशी रिमोटची गाडी, टॅब किंवा गेमचा संच दप्तरात घालण्याचा हट्ट धरते. अशा वेळी पालकांनी आधी एवढेच पाहावे की, त्या दिवशी वर्गात जे शिकवले जाणार आहे त्यासाठी ही वस्तू लागणार आहे का. केवळ मित्रांना दाखवायला न्यायची असेल, तर ती घरी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न किमतीपेक्षा राखणीचा आहे. सात वर्षांच्या मुलाकडे दहा हजारांची वस्तू सोपवली की, त्याचा अर्धा वेळ ती कोणी घेतली, कोणी पाडली, याकडे लक्ष देण्यातच जातो आणि ज्यासाठी वर्गात घातले तो छंद बाजूला राहतो.

वस्तू लागणार आहे की नाही, हे मुलाला विचारून ठरवू नये. ताईंनी ‘आवडीची एक वस्तू आणा’ असे सांगितलेले असते आणि घरी येईपर्यंत त्याचे ‘ताईंनी टॅब आणायला सांगितलाय’ असे झालेले असते. ताईंना किंवा सरांना स्वतंत्रपणे फोन करून विचारणे चांगले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हा प्रश्न टाकला, तर उत्तर मिळण्याआधीच आणखी चार घरांत टॅबची मागणी सुरू होते. याच फोनवर वस्तू वापरात नसताना ती कुठे ठेवली जाईल, त्या कपाटाला कुलूप आहे का, आणि शाळेची शेवटची घंटा व वर्गाची सुरुवात यांच्यामधल्या वेळेत मुलांजवळ कोण असते, हेही विचारून घ्यावे. वस्तू हरवण्याची भीती सर्वांत जास्त असते ती याच मधल्या वेळेत. छंदवर्ग बहुधा बाहेरची संस्था शाळेच्या इमारतीत चालवते, त्यामुळे शाळेच्या डायरीतील नियम आणि संस्थेच्या प्रवेश अर्जावरील अटी असे दोन्ही वाचावे. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असे दोन्हीकडे लिहिलेले असेल, तर ती जबाबदारी कोणावर येते हे उघड आहे.

ज्या वर्गाला उपकरणे खरोखरच लागतात, तिथे ती वर्गाचीच असावीत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर हे सारे साहित्य शाळेचे असते. त्याहून लहान मुलांच्या खासगी वर्गानेही हीच रीत पाळावी, अशी अपेक्षा पालकांनी निःसंकोच बोलून दाखवावी; शुल्क घ्यायचे आणि संचही घरून आणायला सांगायचा, हे मला पटत नाही.

तरीही वस्तू न्यायचे ठरले, तर आदल्या रात्री थोडी तयारी करावी. मुलाचे नाव व पालकांचा फोन नंबर लिहिलेली पट्टी वस्तूवर आणि शक्य असल्यास बॅटरीच्या झाकणाच्या आतही चिकटवावी, मागच्या बाजूचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवावा, आणि टॅब किंवा जुना मोबाइल असेल, तर त्यातले सिम, पालकांचे ईमेल खाते व पैसे भरण्याची सोय काढून टाकावी. चार्जिंग घरीच पूर्ण करून चार्जर सोबत देऊ नये. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली, तर ते खेळणे कुठेच नेऊ नये. वर्गात धाकटी भावंडेही येत असतील, तर बटणाच्या आकाराच्या सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसले आहे ना, हे हाताने तपासावे. असा सेल गिळला गेला, तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

भारतात विकल्या जाणाऱ्या, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. परदेशातल्या मामा-काकांनी आणलेल्या खेळण्यावर ते नसते, आणि अमेरिकेतल्या ॲडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट असे छापलेले नसेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नये.

कॅमेरा किंवा माइक असलेल्या खेळण्यांबाबत मी अधिक कडक आहे. ब्लूटूथची जोडणी असुरक्षित असल्यामुळे कोणालाही मुलांचे बोलणे ऐकता येईल, या कारणाने जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली होती. आपल्या घरात काय चालवून घ्यायचे हे आपण ठरवू शकतो. दुसऱ्यांच्या मुलांचे आवाज आणि चेहरे टिपण्याची परवानगी मात्र आपल्याला कोणी दिलेली नसते. बोलण्याची सोय असलेले मुलांचे घड्याळही यातच येते.

निघण्यापूर्वी मुलाशी एक बोलणे आवर्जून करावे. ‘मित्राने मागितलं तर देशील का?’ असे विचारावे आणि उत्तर ‘नाही’ आले, तर न रागावता वस्तू घरी ठेवायला सांगावे, कारण सर्वांसमोर काढलेली वस्तू कोणालाच हात लावू न देणे लहान मुलांच्या घोळक्यात निभत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर आळीपाळीने किती वेळ द्यायचे आणि कोणत्या मुलांना द्यायचे नाही असे त्याच्या मनात आहे का, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे.

वस्तू मोडली किंवा हरवली, तर त्याच दिवशी ताईंना लेखी कळवावे. मोबाइल असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंद करता येतो, म्हणून तो आधीच *#०६# दाबून टिपून ठेवावा. भरपाईच्या बाबतीत, आपण हौसेने पाठवलेल्या वस्तूसाठी दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांकडे पैसे मागू नयेत. त्यांनी आपणहून देऊ केले, तर गोष्ट वेगळी. वस्तू वर्गानेच मागवली असेल, तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे वर्ग सुरू होतानाच आयोजकांकडून लिहून घ्यावे.