गणपतीला गावी निघताना: टाकी भरण्याची तयारी

गणपतीला गावी जायचं म्हटलं की मखर, कापूर, वाती, मोदकाची पिठी, मुलांचे रेनकोट यांच्या याद्या महिनाभर आधी घरात फिरू लागतात. गाडीची यादी मात्र 'सर्व्हिसिंग झालं, हवा भरली, वाटेत टाकी फुल्ल करू' इथंच संपते. टाकी भरण्याचीही तयारी करावी लागते हे मला महामार्गावरच्या एका पंपावर कळलं. पहाटेचे साडेचार, धो धो पाऊस, मागे गाड्यांची रांग, आणि आमच्या काकांच्या डिझेल गाडीत पंपावरच्या मुलाने पेट्रोल सोडलं. काका पाकीट शोधत होते, आम्ही पेंगत होतो. बारा लिटर गेल्यावर काकूचं लक्ष मशीनवरच्या पाटीकडे गेलं. गाडी सुरू केली नव्हती, म्हणून टाकी उपसण्यावर निभावलं. तरी दुपार पंपाच्या कडेलाच गेली आणि गणपती घरी आम्हाला सोडून बसले. त्या वर्षापासून ही यादी मी दर वर्षी नव्याने लिहितो.

डिझेल गाडी असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक मराठीत 'फक्त डिझेल' असं चिकटवा. कंपनीचं बारीक अक्षर पहाटे कुणी वाचत नाही. शिवाय एकाच मॉडेलची गाडी पेट्रोलवरही येते आणि डिझेलवरही, त्यामुळे बाहेरून बघून मुलाला कळणार तरी कसं? चूक बहुधा याच दिशेने होते, कारण पेट्रोलचं नोझल बारीक असतं आणि डिझेलचं जाड. डिझेलचं नोझल पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही, पण पेट्रोलचं नोझल डिझेलच्या टाकीत बिनबोभाट जातं. जाड नोझल आलं तरच उघडणारी आतली झडप परदेशातल्या काही डिझेल गाड्यांत असते. आपल्याकडेही ती सर्रास मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. तोवर राखण आपल्या तोंडाने करायची. 'फुल्ल कर' म्हणायचं नाही, 'डिझेल, टाकी फुल्ल' म्हणायचं आणि मुलाने 'डिझेल' हा शब्द परत उच्चारेपर्यंत थांबायचं. नोझलच्या रंगावर विसंबू नका, मशीनवरची पाटी वाचा.

एवढं करूनही चूक झालीच तर चावी फिरवू नका, 'ऑन'वरसुद्धा नाही. बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. डिझेल इंजिनाच्या हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं, धातू धातूवर घासतो, त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग खर्च टाकी उपसण्याच्या कैक पटींनी वाढतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, ढकलून कडेला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. बऱ्याच बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते, डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची. ते पाणी चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तरी नियम हाच: गाडी सुरू करायची नाही. रोड असिस्टन्सचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, घाटात मोबाईलला रेंज आली-गेली चालूच असते.

आता सीएनजी, कारण मुंबई-ठाण्याकडून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी गाड्या आता गॅसवर आहेत. सिलिंडरमध्ये गॅस भरला जातो 200 बार दाबाने, म्हणजे टायरमधल्या हवेच्या ऐंशी-नव्वदपट. हा आकडा डोक्यात असला की बाकीची यादी जाच वाटत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर 3 वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख गाडीतल्या सीएनजीच्या प्लेटवर असते. ती तारीख आजच बघा. टेस्टसाठी सिलिंडर उतरवून मान्यताप्राप्त केंद्रात न्यावा लागतो, आणि गणपतीच्या तोंडावर गॅरेजवाल्यांकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. ही मान्यता देणारं केंद्र सरकारचं 'पेसो' हे खातं आपल्याच नागपुरात आहे. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना आणि विमा कंपनीला ते कळवलंय ना, हेही तपासा. गॅस भरायच्या तोंडाशी असलेली रबराची ओ-रिंग झिजली असेल तर भरताना फुसफुस आवाज येतो. ती बदलायला फारसा खर्च येत नाही.

यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात. कंपनी फिटेड सीएनजी गाडीत इंधनाच्या झाकणापाशी बहुधा एक छोटा मायक्रोस्विच असतो. झाकण उघडं असेल तर इंजिन सुरू होत नाही, म्हणजे नळी लागलेली असताना कुणी घाईत चावी फिरवली तरी गाडी जागची हलत नाही. घरच्या पार्किंगमध्ये झाकण उघडून गाडी सुरू करून बघा. सुरू झाली तर स्विच बिघडलाय किंवा कुणीतरी तो 'डायरेक्ट' केलाय.

हे डायरेक्ट करणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि त्यामागे केवळ बेफिकिरी असते असं मी म्हणणार नाही. चिखल-पाणी जाऊन स्विच अडकतो, झाकण नीट लागलेलं असूनही गाडी रुसते. कशेडी घाटाच्या अलीकडे रात्री अकरा वाजता लहान मुलांसकट अडकलेल्या माणसाला 'सुरक्षेसाठीच आहे ते' असं सांगणं सोपं नसतं. जवळचा मेकॅनिक दोन वायरी जोडून देतो, गाडी सुरू होते, आणि त्या वायरी पुढे कायमच्या तशाच राहतात. म्हणून काहीजण म्हणतात की गाडी अडवून ठेवणारी असली कुलपं नकोतच, माणसाने स्वतः लक्ष द्यावं.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत 1974 सालच्या गाड्यांना सीटबेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही अशी सोय केली होती. शेजारच्या सीटवर सामानाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून ती सक्ती काढावी लागली. आपल्याकडे 2019 च्या जुलैपासून नव्या गाड्यांत सीटबेल्टचा बझर सक्तीचा झाला, तर तो गप्प करणाऱ्या नकली क्लिपा बाजारात आल्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला सांगावं लागलं. बझर तर नुसता ओरडतो, अडवत नाही, तरी लोकांनी त्याचा गळा दाबला.

पण दुसरीकडे इलेक्ट्रिक गाडी बघा. चार्जिंगची केबल लागलेली असताना ती स्वतःच्या मोटरवर हलताच कामा नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 100 क्रमांकाच्या वाहन नियमातच लिहिलंय. त्याबद्दल तक्रार करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, कारण ते कुलूप नेमक्या एकाच वेळी आडवं येतं आणि ती वेळ खरोखर धोक्याची असते. सीएनजीच्या झाकणाचा स्विच मी त्याच जातीचा मानतो. तो असलाच पाहिजे, बाहेरून बसवलेल्या किटांना आणि रिक्षांनाही असला पाहिजे. मात्र कंपन्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. गाडी का सुरू होत नाही ते समोरच्या डिस्प्लेवर वाचता येईल अशा शब्दांत सांगावं, आणि पाण्या-चिखलाने रुसणार नाही असा स्विच द्यावा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडणारं कुलूप मात्र कुठल्याही कारणासाठी नको. घाटाच्या वळणावर इंजिन बंद पडणं हा स्वतःच अपघात आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच: निघण्याआधी झाकणाची कड आणि स्विच कोरड्या फडक्याने पुसा, अडकत असेल तर बदलून घ्या, आणि कुणी डायरेक्ट केला असेल तर पुन्हा जोडून घ्या.

गॅस निघण्याच्या आदल्या रात्री भरा, शक्यतो एकट्याने जाऊन. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांनी उतरायचं असतं आणि ते बरोबरच आहे. पण पहाटे झोपलेली मुलं आणि गुडघेदुखीची आजी यांना पावसात उतरवायचं जिवावर येतं. मग 'राहू दे हो, बसू दे त्यांना' अशी गळ घातली जाते आणि गर्दीत पंपावरचा मुलगा ऐकतोही. ही वेळच येऊ देऊ नका. पेट्रोलची टाकीही किमान निम्मी ठेवा. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, आणि सणाला कोकणातल्या गॅसच्या रांगेत तास-दोन तास सहज जातात. वाटेत भरावाच लागला तर आजीसाठी एक फोल्डिंग स्टूल आणि मोठी छत्री हाताशी ठेवा, डिकीत सामानाखाली नको.

पंपावर गाडी उभी केली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, चावी हातात. चालकाने नळीच्या बाजूला उभं राहायचं. आपल्याला 'झिरो बघा' सांगतात, तसंच शेवटी आपणही बघायचं: नळी निघाली, टोपी लागली, झाकण मिटलं. हे तिन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत बसायचं नाही. पैसे देण्याची घाई आणि मागचा हॉर्न, या दोन गोष्टींनी माणसं नळीसकट गाडी पुढे काढतात. नळीत ब्रेकअवे कपलिंग असतं. ओढ बसली की नळी ठरलेल्या जागी सुटते आणि व्हॉल्व्ह मिटतात. ती शेवटची आशा आहे, तिच्या भरवशावर निघू नका. पेट्रोल भरताना नोझल आपोआप कट झालं की थांबा. राउंड फिगरसाठी वर आणखी ओतलं तर ते वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं. दुचाकीवर असाल तर दोघांनीही उतरा, आणि सांडलेलं पेट्रोल पुसून सुकल्यावरच किक मारा.

गावाला ग्रास कटरसाठी पेट्रोल न्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पाण्याच्या बाटलीत ते कधीही घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, डिकीत तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. शक्यतो गावाजवळच्या पंपावरून, घट्ट झाकणाच्या योग्य कॅनमध्ये, कॅन जमिनीवर ठेवून भरा. डिकीतल्या कार्पेटवर ठेवून भरलं तर स्थिर वीज साठते.

आणि भरताना भडका उडालाच तर नोझल ओढून काढू नका. ओढलं की पेटतं पेट्रोल सगळीकडे उडतं. आहे तसं सोडा, माणसांना लांब न्या, ओरडून पंपावरच्यांना इमर्जन्सी स्विच दाबायला सांगा. गाडीत गॅसचा उग्र वास आला तर सिगारेट तर नाहीच, पण आतला दिवाही लावू नका. कडेला थांबून दारं-काचा उघडा (काचा बटणाच्या असतील तर नुसती दारं), सगळे उतरा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरतो, हे घरातल्या दोघांना तरी निघण्याआधी दाखवून ठेवा. डिकी सामानाने गच्च भरलेली असते, तेव्हा त्या व्हॉल्व्हपुढे फराळाचा डबा नको, गाद्या नकोत. हात थेट पोचेल एवढी जागा मोकळी ठेवूनच सामान लावा, आणि परतीला नारळ, तांदळाची पोती भराल तेव्हाही ती जागा तशीच ठेवा.