मायग्रेनसाठी आहार बदलताना या चुका टाळा

मायग्रेनचा पोटाशी संबंध आहे, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अटॅकमध्ये मळमळतं, जठर सुस्तावतं आणि गिळलेली गोळी बराच वेळ तशीच पडून राहते. डोकेदुखीत मोठा वाटा असलेला सीजीआरपी हा रेणू आतड्याच्या नसांमध्येही असतो. म्हणून त्याचं काम रोखणाऱ्या एरेनुमॅबच्या इंजेक्शनने काहींना बद्धकोष्ठता होते. नसांमधले निरोप वाहणारं सेरोटोनिन हे रसायन शरीरात ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात बनतं आणि तिथले जीवाणू त्या निर्मितीवर परिणाम करतात. पण हे सेरोटोनिन रक्तातून थेट मेंदूत जात नाही, ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. मग ‘हे बंद करा, ती कॅप्सूल घ्या, डोकं दुखायचं थांबेल’ असे सल्ले सुरू होतात.

शेवटी खाल्लेल्या पदार्थावर आळ घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. डोकं दुखायच्या आधी काय खाल्लं होतं? चॉकलेट. म्हणजे चॉकलेटनेच दुखलं!

एखाद्या अटॅकची नोंद वेळेसकट लिहिली तर ती साधारण अशी दिसते. दुपारी ४ : सारख्या जांभया, मान आखडलेली. ५ : विनाकारण चिडचिड, दोनदा लघवी. ७ : गोड खायची जबर ओढ, चॉकलेटचे चार तुकडे. रात्री ११ : उजव्या डोळ्यामागे ठणका. आता यातल्या पहिल्या दोन नोंदी झाकून बघा. उरतं फक्त चॉकलेट आणि ठणका. बहुतेकांच्या वहीत एवढंच असतं.

प्रत्यक्षात अटॅक ४ वाजताच सुरू झालेला असतो. ठणक्याआधीचा हा पूर्वलक्षणांचा टप्पा काही तासांपासून ४८ तासांपर्यंत चालू शकतो. या काळात हायपोथॅलॅमस सक्रिय झालेला असतो, हे २०१४ साली मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये दिसलं. भूक, झोप, तहान सांभाळणारा भाग तोच, त्यामुळे गोडाची ओढ हे अटॅकचंच लक्षण असू शकतं. १९९७ च्या एका चाचणीत सहभागी स्त्रियांना काय खातोय हे कळू न देता चॉकलेट आणि तशाच चवीचा कॅरोब (एका शेंगेची पूड) दिला गेला. डोकेदुखीत फरक पडला नाही.

उपाय म्हणजे वही, आणि ती नीट ठेवायची. ठणका सुरू झाला की मागच्या ४८ तासांतली झोप, जेवणाच्या वेळा, जांभया, मानेचा ताठरपणा, पाळीचा दिवस हे सगळं लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : तोच पदार्थ खाऊनही डोकं *दुखलं नाही* ते दिवसही लिहा. रोज खाल्ला जाणारा पदार्थ प्रत्येक अटॅकच्या आधी सापडणारच. दहादा खाऊन दोनदा दुखलं आणि न खाल्लेल्या दहा दिवसांतही दोनदाच दुखलं, तर त्या पदार्थावरचा संशय सोडून द्या. वही कंटाळवाणी वाटते म्हणून आठवणीवर विसंबणाऱ्यांना कारण सापडत नाही, फक्त संशय वाढत जातो.

एकदम सगळंच बंद करणं

याची गोष्ट नेहमी एकाच वाटेने जाते. कुणीतरी रक्ताची ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी करून घेतं. अहवालात पंचवीस पदार्थ लाल : गहू, दूध, अंडी, टोमॅटो, बदाम. त्याच दिवशी सगळे बंद. पहिले दोन आठवडे बरे जातात, कारण नवा उपाय सुरू केला की बरेचदा बरंच वाटतं, आणि लोक तो सुरू करतात तेव्हा आधीचा महिना नेमका वाईट गेलेला असतो. तिसऱ्या आठवड्यापासून बाहेर खायला काही मिळत नाही म्हणून दुपारचं जेवण चुकायला लागतं. उपाशी राहणं हे स्वतःच मायग्रेनचं पक्कं निमित्त. तंतुमय पदार्थ ताटातून गेलेले असतात, पोट साफ होत नाही, वजन उतरतं आणि महिन्याअखेर अटॅक वाढलेले असतात. यावर काढला जाणारा निष्कर्ष असा : अजून काहीतरी बंद करायचं राहिलंय.

या तपासण्या बहुतेक वेळा आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढंच त्यातून कळतं. त्यावरून अन्न तोडू नका. आणि आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचं खाद्य म्हणजे तुम्हाला न पचलेले तंतू. ते आंबवून जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. पोट सुधारायला निघून ताटच अर्धं केलं तर आधी उपाशी राहतात ते हेच जीवाणू.

आमचा आग्रह असा : आधी किमान चार आठवडे काहीही न बदलता नोंद. मग एकच पदार्थ चार आठवडे बंद. मग तो परत सुरू करून बघायचा. ही तिसरी पायरी गाळली तर आधीची मेहनत वाया. महिन्याला दोनच अटॅक येत असतील तर चार आठवड्यांत काहीच कळणार नाही, तिथे आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात.

सिलिअ‍ॅकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, संशय असेल तर गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करा. आधी बंद केला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

‘प्रोबायोटिक’ हे एकच औषध समजणं

प्रोबायोटिक म्हणजे फायद्यासाठी घेतले जाणारे जिवंत जीवाणू. डब्यावर ते किती अब्ज लिहिलेत ते बघून खरेदी होते. बघायला हवं ते प्रजातीच्या पुढचं, स्ट्रेनचं (त्या प्रजातीतल्या नेमक्या उपप्रकाराचं) नाव. २०१७ च्या एका डच चाचणीत बारा आठवडे प्रोबायोटिक देऊन प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) ठळक फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये इराणमधल्या चाचणीत १४ स्ट्रेनच्या मिश्रणाने अटॅक कमी झाले. मिश्रणं वेगळी, निकाल वेगळे. घ्यायचंच असेल तर एकच उत्पादन किमान आठ आठवडे घ्या, त्या काळात दुसरं काही बदलू नका आणि फरक नसेल तर थांबवा. दर पंधरवड्याला डबा बदलणाऱ्याला कशाचाच गुण कळत नाही.

शौचाच्या नमुन्यावरून ‘तुमचे जीवाणू’ सांगणारी तपासणी मायग्रेनसाठी करू नका. निरोगी जीवाणूसमूहाचं ठरलेलं प्रमाणच नाही, मग अहवाल ताडून बघणार कशाशी?

तंतू वाढवताना घाई नको. एका रात्रीत १५ ग्रॅमवरून ३० वर गेलात तर पोट फुगेल आणि दोष तंतूंना लागेल. आठवड्याला साधारण ५ ग्रॅम वाढवा, सोबत पाणी वाढवा.

आंबवलेलं सगळंच सर्वांना मानवतं असं नाही. मुरवलेलं चीज, आंबवलेल्या भाज्या, वाइन यांत हिस्टामिन आणि टायरामिन ही रसायनं जास्त असू शकतात. ‘पोटाला चांगलं’ म्हणून एकदम सुरू केलेलं हेच काहींना नडतं. थोडं घ्या, वहीत लिहा.

कॉफी झटक्यात सोडू नका. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत कॅफिन तुटल्याची डोकेदुखी सुरू होते आणि ती आठवडाभरही रेंगाळू शकते. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठल्यावर दुखणाऱ्या डोक्यामागे बरेचदा लांबलेला पहिला कप असतो. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा. वेळ मात्र सातही दिवस तीच ठेवा.

पेनकिलरचे दिवस न मोजणं

ही चूक आहाराची नाही, पण आहाराचे सगळे प्रयोग हीच बिघडवते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनवरची खास औषधं) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. अशा वेळी ताटात काहीही बदला, उपयोग दिसणार नाही. शिवाय आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाचं अस्तर दुखावतात ते वेगळंच. वहीत गोळ्यांचा वेगळा रकाना करा आणि गोळ्या न मोजता दिवस मोजा.

आहाराने फरक पडूच शकत नाही असं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १८२ जणांनी १६ आठवडे ठरवून दिलेला आहार घेतला. ज्यांच्या जेवणात माशांतलं ओमेगा-३ वाढवलं आणि वनस्पती तेलांतलं लिनोलेइक आम्ल कमी केलं, त्यांचे डोकेदुखीचे दिवस नेहमीच्या आहारावरच्या लोकांपेक्षा महिन्याला सुमारे चारने कमी झाले. तिथे रोजचं खाणं बदललं होतं, तेही चार महिने. नेहमीच्या तळलेल्या जेवणावर एक फिश ऑइलची कॅप्सूल घेऊन तोच निकाल मागू नका.

आणि डोकेदुखी क्षणात पराकोटीला गेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली, सोबत ताप येऊन मान ताठरली, किंवा बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तर वही बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा.