भाकरी बंद, साबुदाणा चालू: इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये या चुका टाळा

रिपोर्टमध्ये ‘प्रीडायबेटिस’ (मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर) आलं की घरात पहिली गदा येते ती भाकरीवर. चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि एकादशीची खिचडी मात्र तशीच राहते. तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) जागचं हललेलं नसतं आणि माणूस हताश होतो.

प्रीडायबेटिसच्या मुळाशी बहुतेकदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं, त्यामुळे उपाशीपोटीची साखर कित्येक वर्षं नॉर्मल दिसू शकते. पोटावर आणि यकृतात साठलेली चरबी, बैठी दिनचर्या आणि अनुवंशिकता ही यामागची मोठी कारणं. सगळा दोष धान्याच्या माथी मारणं मला चुकीचं वाटतं. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. अशी भाकरी काढून टोस्ट ठेवणं हा उलटा व्यवहार आहे. भाकऱ्या दोनाच्या जागी एक करा आणि उरलेली जागा उसळ, पालेभाजीला द्या.

उपवासाकडे जरा नीट बघायला हवं, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. कसाव्याच्या कंदातून स्टार्च वेगळा काढून साबुदाणा बनतो, आणि कंदातले तंतू त्यातच निघून जातात. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, तंतू जेमतेम १ ग्रॅम. त्यात बटाटा, वर गोड चहा. दाण्याच्या कुटामुळे साखर थोडी सावकाश चढते हे खरं, पण उष्मांकही वाढतात. त्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या. भगर करायचीच तर थोडी, आणि दाण्याची आमटी जास्त. व्रत मोडत नाही, साखरही एकदम उसळत नाही.

पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीने कोंडा काढून टाकू नका. फळांचा रस गाळून पिण्यापेक्षा फळ चावून खा. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेऊन फार फरक पडत नाही.

तंतू वाढवले आणि पोट फुगलं, अशी तक्रार हमखास येते. मेथीदाणे, गवार, घेवडा, कडधान्यं यांतले विरघळणारे तंतू आतड्यात बुळबुळीत थर करतात, त्यामुळे ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरतं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू होतो. म्हणून प्रमाण दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवा, कडधान्यं भिजवून मोड आणून नीट शिजवा आणि पाणी भरपूर प्या. नुसता चमचाभर इसबगोल घेऊन बाकीचं ताट तसंच ठेवलं तर फार काही साधत नाही.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कर्बोदकं एकदम कमी करू नका, कडक उपवासही करू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. दरदरून घाम, हातांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर साखर तपासा आणि लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. इथे मात्र तंतू नसलेली साखरच लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.