हायब्रिड की स्पेशालिस्ट? डी अँड डीच्या टेबलावर जादूगारांचा तोल सांभाळताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या फाशांच्या भूमिका-खेळात पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, एक पक्का विझर्ड (फक्त जादूचा स्पेशालिस्ट) आणि एक तलवार-मंत्र दोन्ही चालवणारा पॅलाडिन (म्हणजे हायब्रिड) असला, की चार-पाच सेशननंतर कुणीतरी म्हणणारच, ‘त्याला सगळंच येतं, मग मी कशाला?’ कॅरेक्टर शीट (पात्राच्या क्षमतांचा कागद) पाहिली तर तक्रार खरी वाटते. पण शीट बाजूला ठेवून एकच राउंड (लढाईची एक फेरी) नीट पाहा. आपल्या टर्नमध्ये (पाळीत) मुख्य कृती, म्हणजे अॅक्शन, एकच असते. दोन कामं येणाराही एका वेळी एकच करतो. हायब्रिड दोन प्रकारे किंमत मोजतो: मोठे स्पेल (मंत्र) त्याला उशिरा मिळतात आणि अॅक्शन दोन कामांत वाटावी लागते. ज्या नियमामुळे यातली एखादी किंमत बुडते, तिथे तोल जातो. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तेवढी जागा शोधायची. बाकी नियमांना हात लावायचं कारण नाही.

पुढचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ मध्ये बदललेलं तिथल्या तिथे सांगितलं आहे. गोंधळ नको म्हणून कॅरेक्टरची ती ‘लेव्हल’ आणि स्पेलची ती ‘पातळी’.

आधी उशीर मोजा

विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड आणि सॉर्सरर या पक्क्या जादूगार क्लासना (पात्र-प्रकारांना) तिसऱ्या पातळीचे स्पेल ५व्या लेव्हलला मिळतात. पॅलाडिन आणि रेंजरला ९व्या, तर एल्ड्रिच नाइट (जादू येणारा फायटर) आणि आर्केन ट्रिकस्टर (जादू येणारा चोर) यांना थेट १३व्या. म्हणजे ८डी६ चा (सहा पैलूंचे आठ फासे), सरासरी २८ नुकसान करणारा फायरबॉल विझर्डच्या हातात ५व्या लेव्हलला अख्खी लढाई फिरवतो. तोच एल्ड्रिच नाइटच्या हातात येतो तेव्हा समोरचे राक्षस २८ पॉइंट अंगावर झटकून पुढे येतात.

त्यात सेव्ह डीसीचा, म्हणजे स्पेल टाळायला शत्रूला फाशावर गाठाव्या लागणाऱ्या आकड्याचा, फरक. सूत्र ८ + प्रोफिशिएन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारा बोनस) + अॅबिलिटी मॉडिफायर (इंटेलिजन्ससारख्या गुणावरून मिळणारा बोनस). ५व्या लेव्हलला इंटेलिजन्स १८ असलेल्या विझर्डचा डीसी १५, इंटेलिजन्स १४ वर भागवणाऱ्या नाइटचा १३. दोन अंक म्हणजे वीस-पैलू फाशावर १० टक्के. म्हणून नाइटने शत्रूला सेव्ह मिळेल असे स्पेल घेतले, की एक ना धड भाराभर चिंध्या. त्याला शील्ड आणि अॅब्सॉर्ब एलिमेंट्ससारखे डीसीवर न अवलंबणारे स्पेल सुचवा. तरीही कमी पडतोय असं वाटलं तर बहुतेक स्पेल अॅब्जुरेशन (संरक्षण) आणि इव्होकेशन (हल्ला) या दोन स्कूलमधूनच (जादूच्या शाखांमधूनच) घ्यायचं त्याचं बंधन काढा. २०२४ च्या नियमांनी तेच केलं आणि काही बिघडलं नाही.

मल्टिक्लासमध्ये (एका कॅरेक्टरने दोन क्लास घेण्यात) हमखास होणारी चूक: विझर्ड ३ / क्लेरिक ३ ला स्लॉट (दिवसात किती स्पेल टाकता येतील तो साठा) सहाव्या लेव्हलच्या जादूगाराचे मिळतात, ४/३/३ (पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचे). पण स्पेल प्रत्येक क्लासच्या स्वतंत्र लेव्हलप्रमाणे, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंतचेच. तिसऱ्या पातळीचा स्लॉट आहे म्हणून फायरबॉल वहीत उतरवता येत नाही. त्या स्लॉटमधून खालचा स्पेल जोरात टाकायचा. हायब्रिड ‘भारी’ वाटण्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात.

दिवस किती लांब आहे?

हा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. २०१४ च्या नियमांनी दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) गृहीत धरले आहेत. लढाई तीन राउंडची धरली तरी किमान १८ टर्न. ५व्या लेव्हलच्या विझर्डकडे ४/३/२ असे नऊ स्लॉट, शॉर्ट रेस्टमधल्या आर्केन रिकव्हरीने तिसऱ्या पातळीचा आणखी एक. म्हणजे १८ पैकी आठ-दहा टर्न तो कॅन्ट्रिपवरच (स्लॉट न लागणाऱ्या किरकोळ स्पेलवरच) असतो.

आता बहुतेक टेबलांवर होतं तसं दिवसाला एकच लढाई ठेवा. विझर्डची टंचाई नाहीशी. पॅलाडिनही सहाच्या सहा स्लॉट स्माइटमध्ये (वाराला जोडलेल्या जादा जादुई नुकसानात) ओततो: ग्रेटसोर्डचे सरासरी ११ अधिक पहिल्या पातळीच्या स्माइटचे २डी८, म्हणजे ९. दोन वार लागले की ४०. मरण होतं वॉरलॉकचं, कारण त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टला परत मिळतात. दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर ५व्या लेव्हलला त्याचे तिसऱ्या पातळीचे सहा स्पेल होतात; न मिळाल्या तर दोनच. वॉरलॉक कमकुवत वाटतोय म्हणून त्याला जादूची अंगठी देण्याआधी गेल्या तीन सेशनमधल्या शॉर्ट रेस्ट मोजा.

वेळ कमी असेल तर दिवसात तीन जड लढाया आणि प्रत्येकीनंतर दहा मिनिटांची शॉर्ट रेस्ट ठेवा. लाँग रेस्ट (रात्रभराची पूर्ण विश्रांती) मात्र सुरक्षित जागीच.

जिथे किंमत बुडते

डिव्हाइन स्माइट हे एका दगडात दोन पक्षी: वार लागल्यावर, वेगळी अॅक्शन न खर्चता स्लॉट जळतो. साध्या पॅलाडिनकडे स्लॉट कमी, म्हणून चालून जातं. पण १०व्या लेव्हलला पॅलाडिन ६ / सॉर्सरर ४ कडे ४/३/३/१ असे अकरा स्लॉट येतात. शुद्ध पॅलाडिनकडे नऊ. उपाय: टर्नमध्ये एकच स्माइट. २०२४ मध्ये तो बोनस अॅक्शनचा (टर्नमधल्या एकाच जादा छोट्या कृतीचा) स्पेल झाल्याने हे आपोआप घडतं.

दुसरी जागा म्हणजे विझर्डने घेतलेली क्लेरिकची एक लेव्हल. उशीर फक्त एका लेव्हलचा, मोबदल्यात हाफ प्लेट आणि ढाल: एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) हाफ प्लेटचा १५ + डेक्स्टेरिटीचे २ + ढालीचे २ = १९. वर शील्ड स्पेल टाकला की २४. +७ ने मारणाऱ्या राक्षसाला १७ किंवा वरचा फासा लागतो, म्हणजे पाचात एकदा. इथे आधी हातांचा नियम काटेकोर पाळा: शील्ड स्पेलला एक हात मोकळा हवा, दोन्ही हात भरलेले असतील तर वॉर कास्टर फीट (जादा कौशल्य) लागते. एवढ्याने भागलं नाही तर शील्ड स्पेल आणि ढाल यांचा बोनस एकत्र धरू नका, दोन्हींतला मोठाच धरा. आख्खं मल्टिक्लास बंद करणं म्हणजे माशी मारायला कुऱ्हाड.

ब्लेडसिंगर या तलवारबाज विझर्डला तर उशीर नाहीच. सहाव्या लेव्हलला दोन वार, आणि २०२० पासून त्यातल्या एकाच्या जागी कॅन्ट्रिप. त्याचा कच्चा दुवा हिट पॉइंट. एसीवर वार वाया घालवू नका, डेक्स्टेरिटी सोडून इतर सेव्ह मागा.

स्पेशालिस्टने सोडलेलं खरंच दुखतं का?

३.५ आवृत्तीत स्पेशालिस्ट विझर्डला प्रत्येक पातळीत एक जादा स्लॉट मिळे आणि बदल्यात सहसा दोन स्कूल सोडावी लागत. खेळाडू अर्थातच नको असलेलीच सोडत. तुमच्या घरगुती नियमात त्याग ठेवायचा तर कोणता, ते तुम्ही ठरवा. फक्त आगीचे स्पेल घेणाऱ्या सॉर्सररचं उलटं: आगीला इम्यून (आगीने काहीच न होणारे) राक्षस आले की तो प्रेक्षक. सहा लढायांत असे राक्षस एकदाच आणा, आणि एलिमेंटल अॅडेप्ट फीट असेल तर इम्युनिटीऐवजी अर्धं नुकसान धरा.

स्वतःचा हायब्रिड क्लास बनवताना

पॅलाडिनचा स्लॉट-तक्ता जसाच्या तसा उचला. मग ५, ९ आणि ११ या लेव्हलना कागदावर १८ टर्न खेळून पाहा. ५व्या लेव्हलचा ग्रेटसोर्डवाला फायटर ६५ टक्के वार लागतात असं धरलं तर टर्नला साधारण १४ नुकसान करतो, अॅक्शन सर्ज (फायटरची जादा अॅक्शन) न धरता. तुमचा क्लास स्लॉट न वापरता याच्या खाली हवा आणि स्लॉट जाळताना वर, पण १८ पैकी सहाच टर्न. आठ-नऊ टर्न वर दिसला तर नुकसानाचे फासे कापू नका. बोनस अॅक्शनने काय काय होतंय ते बघा. गळती बहुतेक तिथेच सापडते.