आईबाबांचा ओबामाकेअर विमा टिकवायचा तर

गेल्या नोव्हेंबरात विम्याचं पत्र आलं तेव्हा आई ओट्याजवळ बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती. सकाळचा खण, रात्रीचा खण, साखरेची, बीपीची. मी पत्र वाचलं आणि तिला काही न सांगता घडी घालून ठेवलं. 2025 मध्ये तिचा हप्ता शून्य होता. 2026 साठी महिना बाराशे डॉलरच्या वर आकडा होता.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात बिलिंग करते, म्हणजे विमा हेच माझं काम. तरी मला हे आधी कळलं नाही, कारण मी ‘ओबामाकेअर रद्द होणार का’ एवढंच बघत बसले होते. ओबामाकेअर म्हणजे ज्यांना नोकरीतून विमा नाही त्यांना सरकारी मदतीने, म्हणजे सबसिडीने, विमा घेऊ देणारा कायदा. जुलै 2017 मध्ये सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी तो प्रयत्न फसला, रिपब्लिकन सिनेटर मॅककेन यांनी विरोधात अंगठा खाली केला, ते आठवतं. मग आमच्याच राज्याच्या पुढाकाराने चाललेला खटला 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने ओबामाकेअर रद्द केला नाही, मदत कोणाला मिळणार याची व्याख्या बदलली. शिवाय 2021 पासूनची वाढीव सबसिडी 2025 च्या डिसेंबरअखेर संपली. म्हणून सांगते, मथळे वाचू नका, आपल्या माणसाची ओळ शोधा.

ती ओळ अशी. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं न झालेल्यांना सहसा मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळत नाही, म्हणून उत्पन्न नसलं तरी त्यांना हेल्थकेअर.गव्ह या सरकारी विमा-बाजारातल्या विम्यावर सबसिडी मिळायची. 2026 पासून, उत्पन्न गरिबीरेषेच्या खाली असेल तर ती बंद. आई मे 2023 मध्ये आली, स्वतःचं उत्पन्न जवळपास नाही, टॅक्स रिटर्न वेगळं. ती नेमकी त्यात सापडली. तुमच्या घरी कोणी एच-1बी (नोकरीचा), एच-4 (त्यांच्या कुटुंबाचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर असून सबसिडी घेत असेल, तर त्यांची 2027 पासून जाणार आहे.

आता करायचं काय? आधी टॅक्स रिटर्न काढा आणि आईवडील त्यात ‘डिपेंडंट’, म्हणजे तुमच्यावर अवलंबून, असे दाखवले आहेत का ते पाहा. सगळं यावर अवलंबून आहे. ते तुमच्या रिटर्नवर आले की सबसिडीसाठी उत्पन्न तुमच्या घराचं धरतात आणि ते बहुतेकदा गरिबीरेषेच्या वर असतं. तुमचा स्वतःचा विमा नोकरीतून असला तरी चालतं. अट अशी की त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असला पाहिजे आणि त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. 2025 साठी ती मर्यादा 5,200 डॉलर होती. भारतातल्या एफडीचं व्याजही धरायचं! बँकेत फोन करून वर्षाचा आकडा मागवा, अंदाजाने लिहू नका.

दुसरी सीमा वरची. 2026 च्या विम्यासाठी चौघांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 1,28,600 डॉलरपर्यंत, सहा जणांचं 1,72,600 पर्यंत. त्यावर एक डॉलर गेला तरी सबसिडी शून्य. आणि 2026 पासून जास्त उचललेली सबसिडी परत करण्यावरची कमाल मर्यादाही उठली आहे, म्हणजे दिवाळीनंतर बोनस आला आणि रेषा ओलांडली तर एप्रिलमध्ये सगळी रक्कम भरावी लागते. पगार बदलला की त्याच आठवड्यात हेल्थकेअर.गव्ह वरच्या अर्जात बदला. सीमेजवळ असाल तर नोकरीतल्या साध्या 401(के) निवृत्ती खात्यात जास्त रक्कम टाका, तिने हिशेबातलं उत्पन्न कमी होतं. कर भरून मग पैसे टाकायच्या रॉथ खात्याने होत नाही.

आमचं चौघांचं उत्पन्न नव्वद हजारांच्या आसपास धरलं, आईला आमच्या रिटर्नवर घेतलं, तिचा हप्ता सातशेवर आला. शून्यावरून सातशे. ते जड जातंच, पण तिच्या डॉक्टर तरी बदलल्या नाहीत.

प्लॅन निवडताना औषधांची यादी हातात घेऊन बसा, प्रत्येक गोळीचं नाव टाकून बघा. पुढच्या वर्षासाठी हेल्थकेअर.गव्ह वरची मुदत 15 डिसेंबरलाच संपते, जानेवारीच्या भरवशावर राहू नका. सबसिडीचा हिशेब असलेला 1095-ए फॉर्म टॅक्ससाठी जपून ठेवा. आणि वय 65 च्या पुढे असेल तर ग्रीन कार्डची सलग पाच वर्षं झाल्यावर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घेता येतं, भाग ए (हॉस्पिटल) चा हप्ता 2026 मध्ये महिना 565 डॉलर आणि भाग बी (डॉक्टर) चा 202.90. आईसाठी ती तारीख मे 2028.

शेवटचं काम फोनचं. कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, स्विचबोर्ड 202-224-3121, आपल्या सिनेटरचं नाव सांगा, जोडून देतात. बोलायला नागरिक असावं लागत नाही. नाव, पिन कोड आणि एकच गोष्ट: माझ्या आईचा हप्ता शून्याचा सातशे झाला, ग्रीन कार्डवाल्यांची सबसिडी परत आणा. मी पहिल्यांदा लावला तेव्हा पलीकडची मुलगी टाइप करत होती, मला आवाज ऐकू येत होता. आईने हळूच विचारलं, “लिहून घेतलं का तिने?” मी हो म्हटलं. “मग पुढच्या सोमवारी परत लाव,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून दर सोमवारी नऊ वाजता आम्ही लावतो.